चेहऱ्याचे सहाशे

लोर्ना हॅस्केटच्या आवारात हायवेकडे तोंड करून तिने कोरलेली लाकडी अस्वलं उभी असत. बसलेलं, उभं, तोंडात मासा धरलेलं. भाव फुटावर. फुटाला दीडशे डॉलर आणि मासा हवा असेल तर चाळीस वर. कुणी घासाघीस करू लागलं की ती सरळ चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, सुरू करायची. त्या आवाजात गिऱ्हाइकाला बोलता येत नसे, आणि भाव होता तोच राहायचा.

माणसाचा चेहरा मात्र ती करत नसे. चेहरे क्लाइडचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे. तो वारून दोन हिवाळे झाले होते. चेहऱ्याचे तो वेगळे सहाशे सांगायचा, आणि तेसुद्धा गिऱ्हाइकाने लाकडावरून हात फिरवून ‘हाच तो’ म्हटल्यावरच घ्यायचा. मग बुंध्याशी करवतीच्या टोकाने तीन खाचा मारायचा, कावळ्याच्या पावलासारख्या. ती त्याची सही. लोर्नाची सही म्हणजे नुसता एक ‘एल’. तो गेल्यावर तिने दोनदा चेहरा करून पाहिला होता, आणि दोन्ही वेळा हात असा थरथरला की लाकूड चुलीत गेलं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तिला एका कड्यावरच्या घरी बोलावणं आलं. घर औने लेहटोला नावाच्या म्हातारीचं. दारापासून दहा पावलांवर वादळात मोडलेल्या स्प्रूसच्या झाडाचा सात फुटी बुंधा उभा होता. त्याच्या पलीकडे हातभर जमीन, आणि मग खाली थेट समुद्र.

‘‘मला माझा एइनो हवाय,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘एकतीस वर्षांपूर्वी खेकड्यांच्या बोटीवर गेला. बोट आली नाही, तोही आला नाही.’’

तिने फोटो पुढे केला. बोटीत चढणारा एक तरुण. पाठमोरा.

‘‘मिसेस लेहटोला, यात चेहराच नाहीये.’’

‘‘असता तर तुला कशाला बोलावलं असतं?’’ तिने जाड चष्मा काढला. ‘‘डोळे चाललेत माझे. वसंतापर्यंत टिकतील म्हणतो डॉक्टर. आणि पोराचा चेहरा डोक्यातून आधीच गेलाय. आई असून गेलाय, लाज वाटते सांगायला. दारातून बाहेर आले, हात लावला, की कळलं पाहिजे, हा आला म्हणून. नाक माझंच होतं त्याचं. घे, नीट बघून घे. हनुवटी बापाची, त्याचा फोटो भिंतीवर आहे.’’

लोर्नाला हे काम नको होतं, पण तोंडावर नाही म्हणवेना. म्हणून तिने भावच असा सांगितला की म्हातारीने दार दाखवावं. जागेवर येऊन काम, तर फुटाला अडीचशे. परांचीचे वेगळे. चेहऱ्याचे सहाशे. लाकडात जुना खिळा निघून साखळी तुटली, तर तिचेही पैसे तुमच्याकडून.

‘‘कॉफीत दूध घालू?’’ म्हातारीने विचारलं, आणि वेलचीच्या पावाची ताटली पुढे सरकवली. झालं, सौदा पक्का.

इथेच लोर्नाचं चुकलं. भाव सांगण्याआधी बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ मारून आवाज ऐकायचा, गाभ्यापर्यंत भोक पाडून भुसा पाहायचा, हे पहिल्या धड्यातलं शिक्षण. पण काम मिळूच नये असं मनात असताना कोण एवढी खटपट करतं! तिसऱ्या दिवशी घराकडच्या बाजूने करवत आत घातली, तर भुसा कॉफीच्या गाळासारखा काळा आणि ओला पडू लागला. हात कोपरापर्यंत आत गेला. चेहरा काढावा असं धड लाकूड फक्त समुद्राकडच्या बाजूला उरलं होतं. तिथे लोर्नासुद्धा कमरेला दोर बांधूनच उभी राहिली असती. डोळे गेल्यावर म्हातारीचा हात तिथवर जन्मात पोचणार नव्हता.

लोर्नाने टोपी काढली आणि दारात जाऊन सगळं सांगून टाकलं.

‘‘म्हणजे मला पाठच...’’ म्हातारी म्हणाली.

‘‘हो. चूक माझी आहे. चेहऱ्याचे सहाशे मी घेणार नाही.’’

म्हातारीने बुंध्याकडे तोंड वळवलं. ‘‘पण कर तू चेहरा. त्याला तरी समुद्र दिसू दे.’’

चेहऱ्याच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की परांचीवरून खालचं पाणी नुसतं ऐकू येत होतं. नाक झालं, हनुवटी झाली, आणि हात थरथरू लागला. लोर्नाने करवत बंद केली. त्या शांततेत तिला शीळ ऐकू आली. दातांच्या फटीतून हवा निसटते तशी, अर्धी शीळ, अर्धी फुंकर. अगदी जवळून... मागून. आणि मागे तर कडाच होता.

ती वळली नाही. मानेवरचा घाम गार झाला, तरी तिने करवत पुन्हा सुरू केली. हात आता स्थिर होता. डाव्या भुवईपाशी ठिणगी उडाली आणि साखळी तुटली. लाकडात बोटभर खोल एक गंजलेला मासेमारीचा गळ रुतला होता.

‘‘साखळीचे पैसे लागणार,’’ आत जाऊन ती म्हणाली. ‘‘भुवईत गळ निघाला.’’

म्हातारीचा कप हातातच राहिला. ‘‘कुठल्या भुवईत?’’

‘‘डाव्या.’’

‘‘अकरा वर्षांचा होता तेव्हा तिथेच गळ घुसला होता त्याच्या. खूण शेवटपर्यंत होती... तुला कुणी सांगितलं?’’

कुणीच सांगितलं नव्हतं.

एप्रिलात टपालाने पाकीट आलं. आत सहाशे डॉलर, आणि वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ. ‘चेहऱ्याचे. हाच तो.’

लोर्ना तेलाचा डबा घेऊन तडक निघाली. पुतळ्याला वसंतात तेल लावायचंच होतं, पण खरं कारण ते नव्हतं. म्हातारी बाहेर उभी होती, मिटल्या डोळ्यांनी. एइनोचं तोंड दाराकडे होतं, आणि म्हातारीची बोटं त्याच्या डाव्या भुवईवर.

‘‘हा... हा वळवला कुणी?’’

‘‘तुझ्याच माणसाने की! गुरुवारी सकाळी करवत ऐकली म्हणून बाहेर आले. फारसा बोलत नव्हता. शीळ घालत होता, फटीतून हवा जाते तशी. म्हणाला, आधी हात फिरवा, पैसे मग. नवरा ना तुझा?’’

‘‘हो,’’ लोर्ना म्हणाली. तिला भीती वाटत होती, आणि रडू येत होतं, आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं.

‘‘गुणी माणूस आहे. त्याला सांग, रोज भेटतो आता माझा पोरगा.’’

लोर्ना गुडघ्यांवर बसली. बुंध्याची मुळं पूर्वीसारखीच चहूकडे जमिनीत गेली होती. त्यांच्यावरचं शेवाळ कुठे फाटलेलं नव्हतं. ऑक्टोबरात जिथे तिचा हात कोपरापर्यंत आत गेला होता, तिथे आता घट्ट, पांढरं लाकूड होतं आणि त्यात एक चेहरा होता.

‘‘पुढच्या गिऱ्हाइकाचा चेहरा मीच करीन म्हणते,’’ ती हळूच बोलली. कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक.

खाली तिचा ‘एल’ होता. त्याच्या शेजारी तीन खाचा. गुरुवार जाऊन पाच दिवस झाले होते, रात्रभर पाऊस पडला होता, तरी खाचांमधला भुसा कोरडा होता. तिने बोट आत घातलं. करवत आत्ताच बाहेर काढावी तसं लाकूड गरम होतं.