शालूच्या काठाचं झबलं

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. पण माझी आई प्रतिमा साधी थापसुद्धा मारत नसे, आणि हे तिने स्वतः पाहिलंय.

साल १९४४. जबलपूर, रांझीकडची कामगारांची चाळ. लढाई चालू होती. कारखाने बारा-बारा तास धडधडायचे. वैशाखातला शनिवार.

रात्र नाही... भर दुपार.

आईची थोरली बहीण, हेमलतामावशी, बाहुल्यांची वेडी. सव्वीस वर्षांची बाई! स्वतःची लुगडी तीन, बाहुलीचे कपडे एकोणीस. जरीची कुंची काय, जाळीचं टोपडं काय... शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग तिची दोन बाळं गेली.

हसणं बंद झालं.

तिसरी मुलगी झाली तेव्हा शेजारच्या अंजनीबाई म्हणाल्या, "वर्षभर पोरीला नवं घालू नको बाई. चार घरचं जुनं मागून आण, तेच घाल. नवं सगळं बाहुलीला. न्यायला येणारं नवं पाहूनच नेतं."

मावशीने मुलीच्या मापाची चिंध्यांची बाहुली केली. पाळण्यात बाहुली, नव्या झबल्यात. मुलगी खाली गोधडीवर, मागून आणलेल्या विटक्या झबल्यात.

आणि दर शनिवारी दुपारचा भोंगा झाला की...

पाळण्याची कडी वाजायची.

दोनदा. वारा नसायचा. बघावं तर बाहुली उघडी. झबलं गेलेलं.

"गेलं ना? जाऊ दे!" मावशी चक्क खूश व्हायची. आणि पुढचं शिवायला बसायची.

अकरा महिने. सत्तेचाळीस शनिवार, सत्तेचाळीस झबली.

कापड कंट्रोलवर गेलं. मावशीने लग्नाचा शालू कापला. शेवटी उरलं एकच झबलं, शालूच्या काठाचं.

त्या शनिवारी ती कापडाच्या रांगेत उभी होती. तिचे यजमान, नीलकंठकाका, यांना तीन महिन्यांनी सुट्टी मिळालेली.

"प्रतिमा, सदर बाजारात जाऊन पोरीचा फोटो काढून आणतो."

"ताईला येऊ द्या ना भाऊजी."

"ती आली की भिकाऱ्याचंच घालील! माझी पोरगी काहून अशी राहून राहिली? एक दिवस तरी राणी दिसू दे. चलो बेटा!"

त्यांनी बाहुलीचं झबलं काढून मुलीला घातलं. विटकं झबलं खुंटीला टांगलं. गेले.

आई तांदूळ निवडत बसली.

भोंगा झाला.

कडी वाजली. दोनदा... तीनदा... थांबेचना.

मग एकदम थांबली.

आईने मान वर केली. खुंटी रिकामी होती.

पाळण्यात बाहुलीच्या अंगात ते विटकं झबलं होतं. पाठीमागचे बंद बांधलेले. सवयीच्या हाताने बांधावेत, तसे.

काका परतले. खांद्यावर मुलगी गाढ झोपलेली. मागोमाग मावशी आली, काखेत वारभर मांजरपाट. तिने आधी बाहुलीकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"हिला काय घातलं?"

"राणी दिसून राहिली ना?" काका हसले.

मावशीने झबलं ओरबाडून काढलं. जमिनीवर बसली, मांजरपाट टराटरा फाडलं आणि शिवत सुटली. तीन दिवस उठली नाही.

मंगळवारी मुलगीही उठली नाही.

ताप नाही. खोकला नाही. काहीच नाही.

आठ दिवसांनी फोटो आला. मुलगी समोर बघतच नव्हती. एका बाजूला दोन्ही हात पसरून हसत होती... कोणी कडेवर घ्यायला आल्यासारखी.

काका मरेपर्यंत सांगत होते, त्या बाजूला भिंत होती. मावशीने त्यांना कधी दोष दिला नाही. ती त्यांच्याशी पुन्हा बोललीच नाही. पुढे चाळीस वर्षं बाहुलीसाठी घरोघर जुने कपडे मागत फिरली.

आता पाळणा माझ्याकडे आहे. बाहुलीही.

माझ्या तान्ह्या नातीला सातवा महिना लागलाय. मी कुणाला न सांगता नवं झबलं शिवलं, बाहुलीला घातलं आणि तिला पाळण्यात ठेवलं. दर शनिवारी दुपारी दाराबाहेर बसते.

इथून भोंगा ऐकू येत नाही. कडी मात्र वाजते... दोनदा.

मी आत जाते.

पाच शनिवार झाले. झबलं अजून बाहुलीच्या अंगातच आहे.