तीनशे वीस ग्रॅम

आमच्या कारखान्यात माझं काम वजनाचं. ॲल्युमिनियमचे गोल ओंडके येतात, त्यांना आम्ही बिलेट म्हणतो. बिलेट तापवायचं, प्रेसमध्ये घालायचं, आणि प्रेसने ते पोलादी डायच्या छिद्रातून रेटलं की पलीकडून खिडकीची चौकट, दाराची पट्टी, रेलिंगची नळी, जे हवं ते लांबच लांब बाहेर पडतं. बिलेट आत जाण्याआधी मी तोलतो. बाहेर आलेला माल तोलतो, मागे उरलेला बुंधा तोलतो, कापलेली टोकं तोलतो, करवतीचा चुरासुद्धा झाडून गोळा करून तोलतो. आत गेलं तेवढं बाहेर यायला हवं. नेहमी थोडं कमीच भरतं, कारण चुरा उडतो, कुणाच्या तरी बुटाला चिकटून घरी जातो. माझ्या या काटेकोरपणामुळे लोक मला 'चिमूटभर' म्हणतात. म्हणू देत.

जास्त मात्र कधी भरत नाही. भरूच शकत नाही.

प्रेसवर दाजी असायचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बावीस वर्षं तेच काम. त्यांच्या हातची नळी इतकी गुळगुळीत निघायची की तिच्यात बघून भांग पाडावा. म्हणून रेलिंगच्या नळीची नवी डाय आली तेव्हा ती त्यांच्याकडेच गेली. रोज सकाळी पाच बिलेट, तासाभराचं काम, मग डाय उतरवायची.

पहिल्याच दिवशी माल तीनशे वीस ग्रॅम जास्त भरला.

मी प्रमाण वजनं ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनशे वीस. तिसऱ्या दिवशी तीनशे दहा, चौथ्या दिवशी तीनशे तीस. सुपरवायझरला सांगितलं तर तो हसला.

"कमी भरलं की ये माझ्याकडे. जास्त भरलं म्हणून कुणी बोंब मारतं का, चिमूटभर?"

मग मीही शहाणपणा केला. रोज चुरा तेवढा कमी दाखवला आणि कागद जुळवून टाकला. मी त्याच आठवड्यात हट्टाला पेटलो असतो तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईकडे जेवायला गेलो. दाजींनी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. गालाची हाडं वर आली होती.

"काय दाजी, ताई उपाशी ठेवते वाटतं?"

"दोन माणसांचं जेवतोय रे," ते म्हणाले. "जातं कुठे, तेच कळत नाही."

ताई हसली नाही. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं तपासून झालं होतं आणि सगळं ठणठणीत निघालं होतं. जातं कुठे, हा तर माझ्या धंद्यातला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी नळीचं काम सुरू व्हायच्या आधी दाजींना मालाच्या काट्यावर उभं केलं. त्यांना वाटलं, मेहुणा थट्टा करतोय. तासाभराने पुन्हा उभं केलं. घाम धरला, मध्ये प्यायलेलं पाणी धरलं, तरी तीनशे वीस ग्रॅमचा मेळ लागेना. त्या दिवशीचा माल तीनशे वीस ग्रॅम जास्त होता.

दुसऱ्या एका ऑपरेटरला विनवून एक दिवस त्याच डायवर बसवलं. माल चोख भरला, चुऱ्यापुरता कमी. पण नळीवर रेघा उठल्या आणि सुपरवायझरने दाजींना परत प्रेसवर आणलं. ऑर्डर सहा आठवड्यांत पुरी झाली. ही डाय येण्याआधी झालेल्या आरोग्य तपासणीत दाजींचं वजन बहात्तर किलो होतं. आता साठ किलो आठशे. मी माझे जुने कच्चे कागद काढून खरे आकडे मांडले. सहा आठवड्यांत जास्त निघालेला माल अकरा किलो दोनशे ग्रॅम होता.

दाजी अंथरुणाला खिळले. नळ्या गोदामात पडून होत्या, अजून उचलल्या गेल्या नव्हत्या.

मला भुताखेतांचं काही कळत नाही. मला एकच रीत ठाऊक: चुकीचा निघालेला माल परत वितळवायचा. मी सगळ्या नळ्यांच्या टोकांना लाल रंग फासला, माप चुकल्याचा खोटा शेरा मारला आणि लॉट वितळभट्टीकडे पाठवला. वाटलं, वितळल्या की जे त्यांच्यात अडकलंय ते सुटेल. दाजींचं दाजींना परत मिळेल.

दुपारी अडीच वाजता ताईचा फोन आला.

"अरे, यांना बघ काय झालंय. अंग नुसतं पोळतंय. कपाळावर ओला फडका ठेवला तर वाफ निघाली रे!"

मी फोन कानाला लावूनच भट्टीकडे धावलो. भट्टीचं दार उघडं होतं. भट्टीवाला लांब दांड्याने नळ्या आत ढकलत होता.

"थांबवा!"

"आता काय थांबवू? सगळा लॉट गेला. हा एवढा शेवटचा गठ्ठा राहिलाय."

फोनमध्ये ताई रडत होती. "दार लाव, दार लाव म्हणतायत. अरे, दार तर लावलेलंच आहे."

"दार लावा!" मी ओरडलो.

भट्टीचं दार खाली आलं.

"शांत झाले रे," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. बाकी काही लिहिण्यासारखं त्यांना सापडलं नाही.

शेवटचा गठ्ठा, नऊ नळ्यांचा, भट्टीजवळ ठेवायचा मला धीर झाला नाही, म्हणून तो परत गोदामात नेला. पंधरा दिवसांनी तो गाडीवर बांधून ताईकडे नेला. काय सांगायचं ते वाटेत जुळवत होतो, पण तिने काही विचारलंच नाही. एका नळीवरून हात फिरवला, ती दाजींच्या पलंगावर नेऊन ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. लाल रंग तिने त्याच दिवशी घासून काढला.

आता मी दर रविवारी जातो. ताई त्यांच्याशेजारीच बसलेली असते, मऊ फडक्याने एकेक नळी पुसत. मी हूकचा काटा सोबत नेतो. का नेतो, ते तिने कधी विचारलं नाही. पहिल्या रविवारी गठ्ठा सव्वीस किलो चारशे भरला होता.

काल तेहतीस किलो भरला.

मी आकडा पुन्हा वाचला. ताईने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"बघ," ती म्हणाली, "अंग धरायला लागलेत."

केस सावरायला तिने हात वर केला, आणि मनगटावरचं घड्याळ थेट कोपरापर्यंत घसरलं.