आवाजाचा आकडा

एकाच ग्राफिक्स कार्डावर दोन हात पडले. एक रेंगानिसचा. दुसरा कोणाचा ते तिने अजून पाहिलं नव्हतं, पण आपला हात सोडायचा नाही एवढं मात्र ठरवून टाकलं होतं.

"मी आधी उचललं," ती म्हणाली.

"तुम्ही आधी बघितलंत, तेह. उचललं मी."

'तेह' ही इथली तरुण बाईला मारायची आदराची हाक. मग तिने मान वर केली. उंच, किडकिडीत तरुण, खांद्याला भिजलेली पिशवी, आणि चेहरा असा की याला भांडता तर येत नाही, पण माघारही घ्यायची नाही. बाहेर बांडुंगचा रोजचा दुपारचा पाऊस चालू होता आणि बाजाराच्या पायऱ्यांवर सगळीकडे ओल्या चपलांचे ठसे उमटले होते.

"काय दिवस आलेत," गल्ल्यामागून को लिएम म्हणाला. जुन्या सुट्या भागांचं दुकान त्याचंच. "काचेत नवी कोरी कार्डं चमकतायत, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि या दमलेल्या म्हाताऱ्यासाठी ओढाताण. अहो, नवं दाखवू का?"

"नवं नको," दोघं एकदम म्हणाले.

आणि मग एकमेकांकडे नीट पाहिलं. कारण नवं सोडून हेच जुनं कार्ड हट्टाने मागणारी माणसं एकाच जातीची असतात. बाजारातून सुटे भाग आणायचे, घरी पीसी बांधायचा आणि त्याच्यावर मॅकची प्रणाली चालवून दाखवायची, हे वेड लागलेली. मॅकला ही नवी कार्डं ओळखू येत नाहीत. या म्हाताऱ्याला मात्र तो बरोबर ओळखतो.

"तुम्हीपण?" त्याने विचारलं.

"मीपण. सोडा आता, कांग." तिनेही तरुणाला मारायची तशीच आदराची हाक परत केली.

"माझं कार्ड जळलं. यंत्र आहे, पण आंधळं होऊन पडलंय. मी गामेलानचा वाद्यमेळ वाजवणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण करतो. तुमचं काय अडलंय?"

खरं तर अनोळखी माणसाला सांगायची ही गोष्ट नव्हती. पण रेंगानिसला गेल्या कित्येक दिवसांत कोणी नीट विचारलंच नव्हतं. तिने सांगून टाकलं. ती लग्नांच्या फिल्म करायची. तिच्या मॅकमध्ये मुंग्यांनी संसार थाटला आणि एका सकाळी तो गेला तो गेलाच. लग्नाचा मोसम, उसना मॅक देणार कोण? सगळं चित्रण आता एका डिस्कमध्ये होतं आणि ती डिस्क मॅकशिवाय उघडत नव्हती.

"कॅमेऱ्यातली मूळ कार्डं?"

"पुसली. लगेच दुसरं लग्न होतं."

त्याने डोळे मिटले. ही चूक त्यानेही कधीतरी केली असावी.

"लारास म्हणून नवरी आहे," ती म्हणाली. "लग्नानंतर पंधरवड्यात तिचे वडील गेले. पुढच्या शुक्रवारी चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना. त्या दिवशी घरच्यांना फिल्म दाखवायचीय तिला. वडलांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही तिच्याकडे. जो काही आहे तो माझ्या डिस्कमध्ये…"

त्याचा हात कार्डावरून बाजूला झाला.

"घ्या. पण एक अट. जोडाल तेव्हा मला बोलवायचं. मी गुमिलार."

"विश्वास नाही वाटतं माझ्यावर?"

"तुमच्यावर आहे हो. कार्डावर नाही."

को लिएमने कार्ड कागदात गुंडाळलं आणि दोघांकडे बघून उगाच खोकला.

गुमिलार दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि मग रोजच यायला लागला. पुढच्या खोलीत आईचं सुराबी, म्हणजे तांदळाची धिरडी, विकायचं छोटंसं दुकान, त्याच्या मागे रेंगानिसचं टेबल. मधलं दार सताड उघडं. शेजारणींना आत डोकवायला त्रास नको, असं आईचं म्हणणं.

बांधणी सोपी होती. चालू करणं नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धो धो पळत यायची आणि एका ओळीवर येऊन थिजायची. मग ती ओळ फोनमध्ये टाकून शोधायची. व्हिएतनाममधल्या कोणीतरी तीच ओळ विचारलेली असायची, ब्राझीलमधल्या कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं, आणि खाली तिसऱ्याने 'माझ्याकडे नाही चालत' असं लिहून ठेवलेलं असायचं.

"ग्रुपवर कोणाचं तरी सेटिंगचं तयार फोल्डर मागू या ना," रेंगानिस म्हणाली. "चिकटवलं की झालं."

"दुसऱ्याचा चष्मा लावून दिसतं का कधी? आपलं आपण लिहायचं."

"तुम्ही मास्तर व्हायला हवं होतंत."

"झालो असतो. पण विद्यार्थिनी अशा भांडखोर निघतात."

सुराबीच्या तव्याजवळून आईने मान तिरकी करून बघितलं. रेंगानिसला हसू आलं आणि ते लपवायला ती टेबलाखाली वायर शोधायला वाकली.

एक दुपार पोर्टांची नोंद करण्यात गेली. यंत्राला किती भोकं, कुठली मागे, कुठली पुढे, हे मॅकला एकेक करून दाखवावं लागतं. एकाने पेनड्राइव्ह लावत जायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. एकट्याने करायचं तर उठून-बसून कंबर मोडते, दोघं असली की काम मजेचं होतं.

"लागला?"

"लागला. पुढचा."

"लागला?"

"नाही… हं, आता लागला. तुमचा हात थरथरतोय का?"

"भोक घट्ट आहे."

"भोक घट्ट आहे म्हणे," रेंगानिस म्हणाली, आणि तिने पेनड्राइव्ह त्याच्या हातातून घेतला. घेताना बोटाला बोट लागलं. पुढचे दोन पोर्ट चुकीचे लिहिले गेले आणि पुन्हा करावे लागले.

शनिवारी पडद्यावर सफरचंद आलं, त्याच्याखाली पट्टी सरकली आणि थेट शेवटपर्यंत गेली. डिस्क उघडली. लारासचं लग्न समोर आलं: हिरवं मखर, जाईचे गजरे, आणि छोट्या टेबलाशी बसलेले वडील, जावयाचा हात हातात धरलेला. रेंगानिसने चालू केलं. वडलांचे ओठ हलले.

आवाज नव्हता.

"मॅकला आवाजाचा आकडा द्यावा लागतो," गुमिलार म्हणाला. "प्रत्येक ध्वनिचिपसाठी दहा-बारा आकडे असतात. एक लिहायचा, यंत्र बंद करून चालू करायचं, ऐकायचं. नाही आला तर पुढचा."

"आणि सगळे संपले तर?"

"नाही संपायचे."

रविवार गेला, सोमवार गेला. आकडा लिहायचा, बंद करायचं, चालू करायचं, कान द्यायचा. शांतता. आई मधूनमधून आल्याचं गरम बान्द्रेक आणून ठेवायची. दोघं पेले हातात धरून यंत्र उठायची वाट बघायची, आणि त्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा निघायच्या. लहानपणी तो गामेलानच्या घंटा समजून आईच्या ताटल्या कशा वाजवायचा, तिला पहिल्या लग्नात नवरीऐवजी नवरीच्या बहिणीवर कॅमेरा धरल्याबद्दल कसा ओरडा बसला. रेंगानिस मनापासून हसायची. मग पडदा उजळायचा, वडलांचे ओठ हलायचे, आणि तिचं हसू जागीच विरायचं.

मंगळवारी ती रडली. मोठ्याने नाही. मुक्या चित्रावर कापाकापी करून करून तिचे हात थांबले आणि ती नुसती बसून राहिली.

"कांग, लारासला मी काय सांगू? तुझे बाबा दिसतात, बोलत नाहीत… असं सांगू?"

गुमिलारने हातातला पेला टेबलावर ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "माझ्याकडे बाहेरून लावायची ध्वनिपेटी आहे. मुद्रणाची. यूएसबीत खोचली की मॅक तिला लगेच ओळखतो. आकडाबिकडा काही लागत नाही."

"कुठे आहे?"

"घरी."

"कधीपासून?"

"तेह… पहिल्या दिवसापासून."

रेंगानिसने डोळे पुसले. "मग आणली का नाहीत?"

"आकडा सापडेल असं खरंच वाटत होतं. आणि…" त्याने टेबलावरची वायर उगाच गुंडाळली. "आणि पेटी आणली असती तर काम संपलं असतं. मग मला इथे यायला काही कारण उरलं नसतं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून तिच्या गालांवर रंग चढला असता. आज तिला संतापच आला.

"एका मुलीच्या मेलेल्या बापाचा आवाज होता तो. तुम्हाला इकडे यायला कारण हवं म्हणून तुम्ही तो दाबून ठेवलात? मी रात्ररात्र झोपले नाही, कांग. पेटी आणा, इथे ठेवा आणि जा."

तो गेला, तासाभरात पेटी घेऊन आला, आईच्या हातात दिली आणि दारातूनच परतला. सुराबीसुद्धा घेतली नाही. आईने रेंगानिसकडे बघितलं आणि पेटी तिच्या टेबलावर ठेवली.

पेटी लावताच वडील बोलले. आणि मुलगी जावयाच्या हाती सोपवायचे त्यांचे शब्द यायच्याही आधी एक भलतंच ऐकू आलं. कोटाला लावलेला माइक आधीपासूनच चालू होता. नवरा येऊन बसायचा होता, वडील एकटेच पुटपुटत शब्द घोकत होते आणि मध्येच स्वतःशी म्हणाले, "माझा घसा कशाला कोरडा पडतोय? एका दमात 'कबूल' तर त्याला म्हणायचंय." मग हळूच हसले. "बघ हं पोरा, लारासला भात लागतो गरम. गार वाढलास तर ऐकून घ्यावं लागेल."

रेंगानिसने ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा आईला बोलावून ऐकवलं. मग दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या कामाला लागल्या.

शुक्रवारी लारासच्या घरी प्रार्थना झाली. पाहुण्यांना घरी न्यायच्या जेवणाच्या पेट्या वाटून झाल्या, आणि भिंतीवर पांढरी चादर टांगून फिल्म लावली. वडील गरम भाताचं बोलले तेव्हा सगळं घर आधी हसलं. मग लारास हसता हसता आईच्या मांडीत कोसळली आणि घरभर रडू फुटलं. ते रडू रेंगानिसला वाईट नाही वाटलं. असं रडता यावं म्हणूनच तर ही माणसं आज जमली होती.

तिने मागे वळून बघितलं. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, गुमिलार उभा होता. गामेलानच्या मुद्रणांमुळे त्याला ओळखणाऱ्या लारासच्या भावाने आवाजाची व्यवस्था बघायला त्यालाच बोलावलं होतं. हातात स्पीकरची वायर, आणि डोळे चक्क वाहत होते. त्याने ते पुसलेही नाहीत. रेंगानिसचा राग तिथेच ओसरला. खरं तर बुधवारीच बराचसा ओसरला होता, पण ते कबूल करणार कोण?

तिने ध्वनिपेटी परत दिली. "आभारी आहे," म्हणाली. तो "माफ करा, तेह," म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला. दोघांच्या मध्ये लारासच्या तीन मावश्या उभ्या होत्या.

पुढचे दिवस रेंगानिसला घर फार मोकळं वाटायला लागलं. यंत्र चालत होतं, पण मुकं. एका दुपारी तिने वैतागून त्याचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि मदरबोर्डवरच्या ध्वनिचिपवरची बारीक अक्षरं फुंकर मारून वाचली. वाचून ती कपाळाला हात लावून बसली. खोक्यावर छापलेलं नाव वेगळं होतं, चिपचं वेगळं. कंपनीने मधेच चिप बदलली होती, आणि हे दोघं शहाणे भलत्याच चिपचे आकडे घासत बसले होते. तिने नव्या चिपचा पहिला आकडा लिहिला. काही नाही. दुसरा लिहिला.

यंत्र बोललं. खणखणीत.

तिने एक गाणं पूर्ण ऐकलं. मग सेटिंगची फाइल उघडली, तो आकडा खोडला, जुना चुकीचा आकडा परत लिहिला, यंत्र बंद केलं आणि फोन उचलला.

"कांग, आवाज अजून नाही येत. येताय का?"

तो आला. भिजून आला. दारात आईने त्याच्या हातात टॉवेल दिला, "सुकलात किती," म्हणाली आणि लगबगीने तव्याकडे वळली. गुमिलार टेबलाशी बसला, फाइल उघडली, वाचता वाचता थांबला. झाकणाचा स्क्रू सैल होता. त्याने आत डोकावून चिपवरचं नाव वाचलं, मग पडद्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

"हे झाकण कोणी उघडलं?"

"मी."

"मग तुम्हाला कळलं असणार, चिप वेगळी आहे ते."

"कळलं."

"बरोबर आकडा लावून बघितलात?"

"बघितला."

"आणि आवाज?"

"आला की. छान आला."

तो गोंधळून बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्ही पेटी लपवलीत, मी आकडा लपवला," रेंगानिस म्हणाली. "फिट्टंफाट. फक्त माझ्या लपवण्यात कोणाचं नुकसान नव्हतं, एवढा फरक."

"आहे तो फरक," तो म्हणाला. "मला रोज आठवतो. पुन्हा असं करणार नाही, तेह. काय वाटतंय ते तोंडाने सांगेन."

"मग सांगा."

त्याने पुढच्या खोलीकडे पाहिलं. तव्यावर पीठ चर्र करून थांबलं होतं, म्हणजे आईचे कान इकडेच होते.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. आवाज फुटला, पण वाक्य पुरं झालं. "त्या दुकानात कार्ड सोडलं, तेव्हापासून. लारासची गोष्ट ऐकून सोडलं हे खरं. पण तुम्ही सांगितलीत म्हणून जास्त."

रेंगानिसने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, बरोबर आकडा लिहिला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पडदा उजळला. मग टेबलावरच्या स्पीकरमधून सुरुवातीचा सूर निघाला, स्वच्छ.

"झालं," तो हताश होऊन म्हणाला. "आता काहीच बिघडलेलं नाही. उद्या कशासाठी येऊ?"

"माझ्यासाठी ये," ती म्हणाली.

पुढच्या खोलीत आईने तव्यावरची सुराबी उलटली. ती एका बाजूने पार करपली होती.