हबसाणाला गेलेली खोगिरं

रजियाबीने खोगीर अंगणात आदळलं तेव्हा गोदाबाई रंगारीण कोपरापर्यंत निळीत बुडालेली होती.

“हे पाहा,” रजियाबी म्हणाली. “यानं माह्या दिराचा जीव घेतला. आता नवऱ्याचाही घेऊन राह्यलं.”

१८६८ च्या ज्येष्ठातली ही गोष्ट. अमरावतीत गोदाबाईकडे लोक लुगडी रंगवायला येत, तसे चोरी, खोटा आळ, हरवलेलं माणूस असं काही घेऊनही येत. डाग कशाचा आणि केव्हाचा, हे ती कापड पाहून सांगे. माणसांच्या बाबतीतही तिची नजर फारशी चुकत नसे. बाजेवर जानराव जमादार बसले होते. पोलिसातली नोकरी संपल्यापासून गोदाबाईच्या प्रत्येक शोधात ते बरोबर असत, आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेत.

रजियाबीची हकीकत अशी. सरकारची आफ्रिकेतल्या हबसाणात लढाई सुरू झाली तेव्हा खेचरांसाठी तीनशे खोगिरं पुरवायचा ठेका अकोल्याच्या खुशालरावांना मिळाला. शिवणकाम तिचा नवरा शफी याला दिलं. शफीचा धाकटा भाऊ कुर्बान खेचरं हाकायला पलटणीबरोबर गेला. तिथे खोगिरं फाटली. आतून मातीची ढेकळं निघाली. खेचरांच्या पाठी सोलून निघाल्या आणि ती डोंगरात एकामागून एक बसली. पाण्याच्या पखाली त्यांच्याच पाठीवर होत्या. कुर्बान आणि आणखी अकरा हाकणारे तहानेने मेले.

चौकशी लागताच ठेकेदाराने शफीकडे बोट दाखवलं. कापूस चोरून माती भरली म्हणे. शफी आता अकोल्याच्या कैदेत होता.

“तो काय म्हणते?” गोदाबाईने विचारलं.

“म्हणते, मी चाळीसच शिवले, साऱ्यात साफ कापूस भरला. बाकीचे अकोटले शिवून घेतो म्हणे ठेकेदार. अन् आता तोच म्हणते, तीनशेही शफीनंच देल्ले.”

“हे खोगीर कुठून आलं?”

“कुर्बानच्या खेचराचं हाये. त्याच्यासंग गेलेला नत्थुजी घेऊन आला.”

गोदाबाईने हात पुसले आणि खोगीर उन्हात ओढलं. बाजूला तळहाताएवढा कापडाचा तुकडा चारी कडांनी शिवलेला होता. त्यावर तपासणीचा निळा शिक्का. तो तिरका पडला होता, उजव्या कडेची शिवण ओलांडून तुकड्याच्या काठापर्यंत गेला होता. तिने शिवणीवरून नख फिरवलं. दोरा धुळीने मळला होता, पण निळाईचा ठिपकाही त्यावर नव्हता.

मग तिने फाटक्या जागेतून मूठभर भरण काढून पाण्याच्या घंगाळात टाकलं. माती तळाला बसली. काळे पुंजके मात्र तरंगत राहिले.

“जमादार, वास घ्या.”

“मातीचा येते,” जानराव म्हणाले.

“पुंजक्याचा घ्या.”

जानरावांनी पुंजका नाकाशी धरला. “चुलीतल्यावाणी येते. काहून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून तिघं अकोल्याच्या आगगाडीत बसली.

खुशालराव ठेकेदाराने पानाचं तबक पुढे केलं. गोदाबाईने हात लावला नाही.

“मी सरकारशी बेइमानी करीन काय?” तो म्हणाला. “दिवाळीत अकोटचं गोदाम जळलं माहं. तरी ठेका पुरा केला.”

“जळका कापूस काय केला?”

“काय करणार? साराच्या सारा नदीत टाकला. माह्या डोळ्यांदेखत.”

“शफी अकोटले आलता कधी?”

“तो कशाले येईन? त्याचं सारं काम अकोल्यातच झालं.”

तपासणी कारकून देवीदास देशावरून आलेला, बोलायला चोख. “प्रत्येक खोगीर पूर्ण शिवून आल्यावर मी स्वतः शिक्का मारला. आमच्या साहेबांसमोर.”

“कापडाचा तुकडा आधीच शिवून असे?”

“अर्थात. त्याशिवाय शिक्का मारणार कुठे?”

“मंग माती केव्हा भरली?”

“नंतर. स्टेशनवर नेताना.”

बाहेर येताच जानराव म्हणाले, “मंग गाडीवानच पकडा.”

“गाडीवानाले काय पकडता?” गोदाबाई एवढ्या जोरात म्हणाली की रस्त्यावरची माणसं थांबली. “बारा माणसं मेली, जमादार! उद्या कचेरीत साऱ्यांसमोरच बोलतो.”

कचेरीत पुरवठा खात्याचा साहेब चौकशीला बसला होता. माल रवाना झाला तो त्याच्याच सहीने. समोर ठेकेदार, कारकून, बेडीतला शफी. नत्थुजी काठी टेकून उभा होता. हबसाणातून आल्यापासून त्याच्या पायात बळ नव्हतं.

गोदाबाईने खोगीर मेजावर ठेवलं.

“मी रंगारीण हावो. शाई वरून पडली का दोरा ती पेते. हा दोरा प्यालाच नाही. शिक्का दोऱ्याच्या खालून गेला. म्हंजे आधी कोऱ्या तुकड्यावर शिक्का मारला, अन् मंग तो तुकडा खोगिराले शिवला. देवीदास म्हणते, शिवलेल्या खोगिरावर मारला. खोटं हाये.”

तिने शिवण दाखवली. साहेब वाकून पाहू लागला. देवीदासचा चेहरा उतरला.

“आता भरण पाहा. माती वजनासाठी हाये. पण तिच्यात कापूसही हाये, जळका. पाण्यात तरंगते, धुराचा वास येते. खुशालराव म्हणाले, अकोटचा जळका कापूस साराच्या सारा नदीत टाकला. शफी अकोटले गेलाच नाही, हेही तेच म्हणाले. मंग तो कापूस या खोगिरात आला कसा? कारण हे खोगीर शफीनं शिवलंच नाही. त्याच्या चाळिसांनंतरचे अकोटले भरले, जळक्या कापसानं अन् मातीनं. ठेकेदारानं कारकुनाकडून शिक्के मारलेले तुकडे नेले अन् वरून शिवले.”

“हे साफ खोटं—” ठेकेदार उठला.

“गठ्ठाच नेला यांनी,” देवीदास एकदम म्हणाला. “दोनशे साठ तुकडे. मी फक्त शिक्के मारले. खोगिरं मी पाहिलीच नाहीत!”

बाहेर ओट्यावर जमलेल्या लोकांत गलका झाला. साहेबाने हात उंचावला. शफीची बेडी काढा, या दोघांना कैदेत टाका, असं तो मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला आणि टोपी उचलली.

“बसा, साहेब,” गोदाबाई म्हणाली. “शिक्का तुमच्यासमोर मारला, असं कागदावर हाये. तुमी होते काय?”

उत्तर देवीदासने दिलं. “साहेब शिकारीला चिखलदऱ्याला गेले होते. आल्यावर बंगल्यावर सही घेतली. न वाचताच केली.”

“हे लिहायचं नाही,” साहेब जबान्या लिहून घेणाऱ्या मुनशीला म्हणाला. मुनशीने लेखणी वर उचलली.

आतापर्यंत भिंतीशी उभी असलेली रजियाबी पुढे आली. “खेचर बसलं अन् पखाल फुटली तवा माहा कुर्बान वाळू चाटून राह्यला होता. या नत्थुजीनं डोळ्यांनी पाह्यलं. एका माणसानं एक खोगीर उसवून पाह्यलं असतं, तर तो आज घरी असता. लिवा!”

मुनशी हलला नाही.

तीस वर्षांच्या नोकरीत जानरावांनी कधी साहेबासमोर मान वर केली नव्हती. ते उठले. मुनशीच्या हातातली लेखणी त्यांनी काढून घेतली, कागद आपल्याकडे ओढला आणि नत्थुजीला म्हणाले, “नावं सांग. साऱ्यांची.”

नत्थुजीने डोळे मिटले आणि एकेक नाव घेऊ लागला. कुर्बान पहिला. कचेरीत लेखणीची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. बारा नावं पूर्ण होईपर्यंत साहेब टोपी हातात धरून उभाच होता.

जानरावांनी लेखणी दौतीत बुडवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“आता तुमचं नाव सांगा, साहेब.”