प्रतिवक्ता

चांद्रतळावरच्या सातव्या प्रयोगशाळेचं दार आतून उघडेना, तेव्हा इरावती सबनीसला आधी हसूच आलं. तळावरची सगळी दारं ‘मांडणी’ नावाच्या संगणकभाषेवर चालत, आणि त्या भाषेच्या पाच रचनाकारांपैकी ती एक होती.

“दाबमापक जळालाय,” बाहेरून नौशाद मुजावर फोनवर म्हणाले. तेही त्या पाचांतलेच. “दाराला हवेच्या दाबाचा आकडाच मिळत नाही. आकड्याची जागा रिकामी दिसली की आज्ञावलीनं जागच्या जागी थांबायचं, हा नियम तुमचाच.”

“माहीत आहे. दार कापायला किती वेळ लागेल?”

“सहा तास. आत हवा चार तासांची आहे.”

इरावतीनं संगणक पुढ्यात ओढला. त्या रिकाम्या जागेवरून दोघं वीस वर्षं भांडले होते. नौशाद म्हणत, अशा वेळी काय करायचं ते आधीच लिहिणं सक्तीचं करा. ती म्हणे, अंदाजानं पुढे जाण्यापेक्षा थांबलेलं बरं. दरवर्षी कुणीतरी नवखा तोच प्रश्न उकरून काढी. मग पुन्हा तीच पत्रं, तेच टोमणे. शेवटी पाचही जण विटले आणि प्रत्येकानं आपला प्रतिवक्ता बनवून घेतला. माणसाची सगळी जुनी पत्रं वाचून त्याच्या जागी वाद घालणारं, मत देणारं यंत्र. त्यानंतर सहा वर्षांत तिनं पाचांच्या समितीचं एकही पत्र उघडलं नव्हतं.

“नियमच बदलू या,” ती म्हणाली. “पाचांचं एकमत झालं की बदल लगेच सगळ्या दारांना लागू होतो. मग आकडा नसला तर उघड, असं या दाराला लिहून देता येईल.”

“चौघांचे प्रतिवक्ते कधीचे तयार आहेत, बाई. अडलंय ते तुमच्यापाशी.”

तिनं भराभर समितीला लिहिलं : माझी चूक झाली. नौशाद यांची सूचना मला मान्य आहे.

कुणाच्या नावानं खोटं मत येऊ नये म्हणून पत्र खरं की बनावट, हे ज्याचा त्याचा प्रतिवक्ताच ठरवी. तिच्या प्रतिवक्त्याचं उत्तर क्षणात आलं.

‘सबनीसबाईंच्या अकरा हजार पत्रांत “माझी चूक झाली” हे शब्द एकदाही नाहीत. पत्र तोतयाचं आहे. फेटाळलं.’

तिनं हवेचं लिहिलं, जिवाचं लिहिलं.

‘भीती घालून भाषेचे नियम बदलायचे नसतात.’

तिनंच कधीतरी कुणाला तरी ठणकावलेलं वाक्य होतं ते.

“नौशाद, तुम्ही कापायला लागा,” ती म्हणाली, आणि पुन्हा लिहायला बसली. आता इरावती सबनीसचं मन वळवायचं होतं. वीस वर्षांत ते कुणालाही जमलं नव्हतं.