पावलांची राखण

गावपळणीचा दुसरा दिवस. देवाच्या शब्दाखातर तीन दिवस गाव ओस टाकायचं, ही किरंब्याची जुनी रीत. कोंबड्या-बकऱ्यांसकट सगळे वेशीबाहेरच्या बंद स्टेशनात येऊन राहिले होते. खाडीवरचा पूल समुद्राने नेल्यापासून तिथे गाडी आली नव्हती. आता तिकीटखिडकीमागे कुणाची तरी चूल पेटली होती.

केतकी कडेवरच्या लेकीला, चिमीला, थोपटत रुळांकडे बघत होती. परवापर्यंत रुळांमधून कांदळाची मुळं भाल्यांसारखी वर आली होती. आज ती काळी पडून वाळली होती.

"बघितलंस? माघार घेतली," डॉ. रेगेबाई खुशीत म्हणाल्या. समुद्र अडवणारी ही 'कानकांदळं' त्यांनीच घडवलेली. त्यांची मुळं जमिनीतली थरथर ऐकत. पावलं वाजली, की इथे माणूस राहतो असं समजून मूळ मागे वळे. जमीन गप्प झाली, की ओसाड समजून रात्रीत दहा-दहा हात पुढे सरके.

केतकीच्या मनात पहिल्यापासून पाल चुकचुकत होती. इतकं समजूतदार झाड तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, हयसून फिरली, ती गेली खंय?"

"जिथे पावलं वाजत नाहीत तिथे."

"मगे आमी तीनच दिस गावात नसतंव, परत येतलंव, ता त्यांका कोणी सांगल्यान?"

बाईंचा चहा हातातच राहिला. गावपळण त्यांना नुसती सहल वाटली होती.

केतकीने गावचे मानकरी असलेल्या गावकारांना गाठून आजच परत जाऊ या म्हटलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, वर विचारलं, की झाडाला कान आहेत आणि देवाला नाहीत होय? देवाचा कौल मिळेपर्यंत वेशीत पाऊल टाकायचं नाही.

कौल मिळाला. सगळे परतले, तर केतकीचं अंगण मुळांच्या भाल्यांनी भरलेलं. तोडायची सोय नव्हती. तोडली तर मागून समुद्र आत आला असता. चालत राहा, हटतील, एवढंच बाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

गाव अंगणांतून चालू लागलं. अंगणं मोकळी झाली, पण केतकीचा संशय जाईना. एका सकाळी तिने आतल्या खोलीत सासूबाईंची खाट सरकवली. लकवा झाल्यापासून त्यांचं पाऊल जमिनीला लागलं नव्हतं. खाटेखालचं सारवण फुटून कोवळं टोक वर आलं होतं.

ती तशीच पाळण्यापाशी गेली. खालची जमीन चाचपली. मऊ लागली.

मग चिमीच्या काखांत हात घालून तिने तिला उभं केलं आणि ती लेकीची अजून चालायला न शिकलेली पावलं जमिनीवर आपटायला लागली. चिमी खिदळत होती.

"मोठ्यान, माझ्या बाय," केतकी म्हणाली. "अजून मोठ्यान."