कोऱ्या पानावरची मतं

"पारूला उडता आलंच पाहिजे!" पिंटूने वाचनालयाच्या पायरीवर दाणकन मूठ आपटली आणि लगेच "आई गंऽ" करत हात झटकला.

"कायले उडते बे?" जमीर खिदळला. "मेकॅनिक हाय ते! पाना घेऊन उडन काय?"

"सिनेमात हिरो एका हातानं ट्रक उचलते, तं लोकं शिट्ट्या मारते. अन् आपली पारू? ट्रकखाली झोपते अन् नट कसत बसते!"

"म्हणूनच तं मले आवडते," दीपा म्हणाली. "तुह्या हिरोले ट्रक उचलता येते, सुरू करता येते काय?"

दिवाळीची सुट्टी लागल्यापासून कळंबच्या या पायरीवर रोज हेच भांडण चालायचं. पारू कुठल्या सिनेमातली नव्हे हं! ती होती जमीरच्या मोठ्या बहिणीच्या, आरिफाच्या चित्रकथेतली. दहावीतली आरिफा दर रविवारी 'पारू मेकॅनिक'चं एक नवं पान काढायची आणि वाचनालयाच्या व्हरांड्यातल्या फलकावर लावायची. सकाळी नऊपासून तिथे अशी झुंबड उडायची की विचारू नका. फलकाखाली एक पत्र्याची पेटी टांगलेली होती. पान वाचायचं, चिठ्ठीवर आपलं मत लिहायचं आणि पेटीत टाकायचं. पिंटूची चिठ्ठी दर रविवारी ठरलेली : 'पारूला उडता यावे.'

"अबे, हे काय?" जमीर एकदम फलकाकडे धावला.

फलकावर सूचना होती. 'पारू मेकॅनिक'वर आलेल्या तेवीस मतांपैकी एकोणीस मतं विरोधी असल्याने ही चित्रकथा बंद करण्याबाबत सोमवारी बैठकीत निर्णय होईल. खाली ग्रंथपाल अतुलभाऊंची सही आणि नमुन्याला तीन मतं.

जमीरचा चेहरा पार उतरला. "म्हणूनच आपानं काल रंग कपाटावर टाकून देले. म्हणते, लोकायलेच नाही आवडत तं काढू कायले! रडली बी."

आरिफाताई रडली? दीपाची नजर आपोआप पिंटूकडे वळली. दर आठवड्याला नावं ठेवणारा दुसरा होता तरी कोण?

"माह्याकडे काहून पाहतं?" पिंटू भडकला. "मी भांडतो, पण तोंडावर! चिठ्ठीवर नाव घालतो, वर्ग घालतो! अन् हे पाह्य काय लिवलं. 'वाघाचा पाठलाग फार ताणला आहे.' 'वाघ मांजरासारखा दिसतो.' कोन्ता वाघ? मागच्या रविवारी वाघ होता कुठी?"

खरंच की! मागच्या रविवारच्या पानावर बंद पडलेलं जिनिंगचं यंत्र होतं. कापसाच्या ढिगात पारू नाकापर्यंत बुडाली होती. वाघाचं शेपूटसुद्धा नव्हतं!

"वाघ होता," जमीर हळूच म्हणाला. "त्याआधीच्या गुरुवारी होता. शनिवारी मी हसलो. म्हटलं, आपा, आपल्याकडच्या हर गोष्टीत वाघच काहून? तं तिनं फाडलं अन् नवं काढलं."

आता दीपाचं डोकं भराभर चालू लागलं. वाचनालयाचा एक नियम होता. येत्या पानाची गोष्ट आरिफाने गुरुवारी अर्ध्या कागदावर लिहून अतुलभाऊंना द्यायची. त्यांची सही झाल्याशिवाय फलकावर काही लागत नसे. म्हणजे वाघ ठाऊक होता तो फक्त अतुलभाऊंना आणि आरिफाच्या घरच्यांना.

घरच्यांना! दीपाने ओठ आवळले. जमीरचे अब्बा, निजामुद्दीनचाचा, ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. 'दहावीचं साल हाय, चित्रं बाद में,' असं त्यांनी आरिफाला बजावलेलं तिने स्वतः ऐकलं होतं. दर रविवारी ते पंखा बघायला म्हणून वाचनालयात येत. दिवाळीच्या थंडीत कसला पंखा? पण हे जमीरला सांगायचं कोणत्या तोंडाने? नको नको ते मनात येऊ लागलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"एक युक्ती हाय," ती म्हणाली. "पण घरी कोणाले बोलायचं नाही. अब्बाले बी नाही!"

आरिफा आधी ऐकेचना. "मी ब्रशला हात लावणार नाही, दीपा."

"लावूच नको ना, ताई! काहीच काढायचं नाही!"

गुरुवारच होता. त्याच दुपारी अतुलभाऊंच्या टेबलावर आरिफाच्या अक्षरातला कागद पोचला. निरोपाचा भाग : पारू पैनगंगेत पडते आणि मगर तिला पाठीवर बसवून काठाला सोडते. अतुलभाऊंनी मोबाइलवरच्या मालिकेतून अर्धा डोळा काढला, सही ठोकली आणि पुन्हा मालिकेत बुडाले. कागदाची नक्कल कुठेच नव्हती. घरातही या मगरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

रविवारी फलकावर पान लागलं. वर ठळक अक्षरात 'पारू मेकॅनिक : निरोपाचा भाग' आणि खाली कोरा, पांढराशुभ्र कागद!

"हे काय बे? चित्रं कुठी हायेत?" पोरांनी गिल्ला केला.

"जादूची शाई हाय!" पिंटू छाती काढून म्हणाला. "उद्या अकरा वाजता दिसन. सगळ्यायनं यायचं!"

अतुलभाऊ मागच्या दाराने आत आले आणि मागच्याच दाराने गेले. व्हरांड्यात डोकावलेसुद्धा नाहीत.

बारा वाजले. पोरं पांगली. दीपा मात्र खांबाआड टपून बसली होती. तेवढ्यात सायकल वाजली. निजामुद्दीनचाचा! त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोऱ्या कागदासमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग खिशातून पेन्सिल काढून काहीतरी खरडलं, घाईघाईने चिठ्ठी पेटीत कोंबली आणि पंख्याकडे न बघताच निघून गेले.

चाचाच की काय? मग जमीरला काय वाटेल? दीपा पेटीजवळ गेली आणि कुलूप बघून थबकलीच. किल्लीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. ते वाळून खडखडीत झालेलं. म्हणजे ही पेटी कितीतरी दिवसांत उघडलेलीच नाही! मग ती तेवीस मतं आली कुठून?

सोमवारी अकराला बैठक सुरू झाली. वाचनालयाच्या अध्यक्षा शीलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बालविभागात पाय ठेवायला जागा नव्हती. आरिफा कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

अतुलभाऊंनी घसा खाकरला. "कालच्या भागावर सोळा मतं आली. चौदा विरोधी. वाचतो. 'मगर माणसाला पाठीवर घेते हे पटत नाही.' 'मगरीचे दात नीट काढलेले नाहीत.' 'पाण्याला निळा रंग फारच गडद—'"

कोणीतरी फिस्सकन हसलं. दीपाने हात वर केला. "बाई, मत ऐकण्याआधी ते पान बघायचं का?"

"बरोबर आहे. चला," शीलाबाई उठल्या.

सगळी वरात व्हरांड्यात आली. शीलाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, कागद जवळून पाहिला.

"अतुलराव," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मगरीचे दात मला दाखवा बरं."

अतुलभाऊंच्या कपाळावर टपोरा घाम आला. "बाई, पोळ्याच्या वक्ती पेटीची किल्ली हरवली जी. सांगायची लाज वाटली. वर तुमच्याकडे तं मतं पाठवा लागते दर महिन्याले! मंग मीच लिवली, गोष्टीचा कागद पाहून."

"पण विरोधीच काहून?" जमीर ओरडला. "माही आपा रडली तिकडे!"

"सगळी चांगली लिवली तं खोटी वाटली असती ना! आन् नावं ठेवायले काही आधार लागत नाही पोरा, झरझर सुचत गेलं. खरंच बंद करतीन हे डोक्यातच नाही आलं." मग ते आरिफाकडे वळले. "चुकलं माहं, बेटा."

"आणि मीही पेटी न बघता कागदावर विश्वास ठेवला," शीलाबाई म्हणाल्या. "आता ही उघडायची कशी?"

जमीर अब्बांना बोलवायला पळाला. दीपा पेटीकडेच बघत राहिली. अतुलभाऊ तर सापडले. पण चाचांनी पेटीत काय टाकलं होतं?

निजामुद्दीनचाचा आले, पण पेटी पाहताच बिचकले. "तोडून टाकू, बाई? आतलं सगळं फेकून देऊ," ते पुटपुटले.

"अजिबात नाही!"

नाइलाजाने त्यांनी तारेने माती कोरली, कुलपाशी जरा झटापट केली. खट्! चिठ्ठ्यांचा लोंढाच बाहेर पडला. शे-सव्वाशे तरी असतील! 'पारू लय भारी.' 'पारूने आमची मोटर दुरुस्त करावी.' 'पारूला उडता यावे – पिंटू, सातवी ब.' आणि मध्ये मध्ये, ग्रीसच्या काळ्या अंगठ्याचा ठसा असलेल्या चिठ्ठ्या. नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. 'चौथ्या चित्रात नट उलटा फिरवला. बाकी बराबर.' 'जिनिंगचा पट्टा एकदम सही काढला.'

सगळ्यांत वरची, कालची चिठ्ठी आरिफाने उचलली. ठसा अजून ओलसर होता. ती मोठ्याने वाचू लागली.

'आज पान कोरं हाय. पारूची तबियत ठीक हाय ना? मी पुढच्या इतवारी येतो.'

निजामुद्दीनचाचा फडक्याने अंगठा पुसत होते, पुसतच होते.

"अब्बा, तुम्ही पढता?" आरिफाने विचारलं.

"पंखा पाहायले येतो ना मी," ते म्हणाले. मग त्यांनाच हसू फुटलं. "पहिल्या पानापासून पढतो, बेटा. दहावीचं बोललो, मंग कोणत्या मुंहनं सांगू?"

आरिफा त्यांना जाऊन बिलगली. दीपाचे डोळे भरून आले. ती जमीरला म्हणाली, "मले चाचावर डाऊट आलता रे. अन् पिंटूवर बी. माफ कर."

"मले बी आलता," जमीर म्हणाला. "पिंटूवर."

"लय भारी दोस्त हाय तुम्ही!" पिंटू फुरंगटला.

शीलाबाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! छापलेलं मत कोणाचं आहे, हे विचारायला तुम्ही शिकलात. आम्ही मोठे विसरलो. चित्रकथा सुरू राहील आणि पेटीची किल्ली आजपासून दीपाकडे."

पुढच्या रविवारी नवं पान लागलं. चौथ्या चित्रातला नट अगदी बरोबर दिशेने फिरत होता. पारू मात्र अजूनही उडत नव्हती आणि पिंटू चिठ्ठी लिहायला केव्हाच बसला होता. निजामुद्दीनचाचा या वेळी बाराला नाही, नऊलाच आले. पोरांच्या गर्दीत, सगळ्यांच्या पुढे उभे राहून त्यांनी पान वाचलं आणि चिठ्ठीवर पहिल्यांदाच खाली पूर्ण नाव घातलं.